बंड्यास पत्र: पासपोर्ट बदलतोय

श्टुटगार्टजवळून,
नोव्हेंबर 2025 अखेर

बंड्या,

तब्येत ठीक. साखर आटोक्यात, गुडघा हवेच्या मर्जीवर, हिचा खांदा सुटला. संपलं बुलेटिन. आता मुद्द्याचं.

परवा पत्र आलं. ईमेल नव्हे, पेटीत पडलेलं कागदी पत्र. इथलं सरकार महत्त्वाचं काही असलं की अजून कागदावरच बोलतं. अर्ज मंजूर झालाय. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेनऊला जिल्हा कचेरीत जायचं, 255 युरो भरायचे, यांच्या राज्यघटनेशी बांधील राहीन असं उभं राहून वाचायचं, की प्रमाणपत्र हातात. म्हणजे मी जर्मन होतोय. एवढं वाक्य लिहिलं आणि उठून चहा करून आलो.

थोरलीला सांगितलं तर म्हणाली, "फायनली, बाबा!" धाकट्यानं नुसता अंगठा पाठवला. हिनं कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल काढला आणि खाली लिहिलं, "कोट ड्रायक्लीन". तिघांच्या लेखी विषय मिटला. तुझ्या लेखी मिटणार नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच हे लांबलचक लिहायला बसलोय. लगेच "मी म्हटलंच होतं" म्हणू नकोस. आधी पुरतं वाच.

इतकी वर्षं माझ्याकडे मस्त सबब होती. जर्मन व्हायचं तर आधीचं नागरिकत्व सोडा, असं हेच लोक म्हणायचे, आणि मी मान ताठ करून सांगायचो की मग राहू दे. 27 जून 2024 पासून यांचा कायदा बदलला. आता जुनं ठेवूनही जर्मन होता येतं. कारखान्यातला माझा तुर्की दोस्त (तोच, ज्यानं तुला बुद्धिबळात हरवलं आणि तू प्रकाशाचं कारण सांगितलंस) दोन्ही पासपोर्ट खिशात घालून हिंडतो. अडवतो तो आपला देश. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम: स्वखुशीनं दुसरं नागरिकत्व घेतलंत की भारतीय नागरिकत्व गेलं. अर्ज नको, सुनावणी नको. कागद हातात पडला त्या क्षणी. मग वकिलातीत जाऊन आपला पासपोर्ट जमा करायचा, ते रद्दचा शिक्का मारून परत देतात.

परीक्षेचं ऐक, तुला आवडेल. 310 प्रश्नांचा संच आधीच जाहीर असतो. त्यातले 33 विचारतात, प्रत्येकाला चार पर्याय, वेळ एक तास, 17 बरोबर आले की पास. बाहीत चिठ्ठ्या दडवण्याचं तुझं सगळं कसब तिथं वाया गेलं असतं. संचात एक प्रश्न आहे, बर्लिनची भिंत कोणत्या साली बांधली. 1961. अरे, ती पडली तेव्हा मी इथं होतो! दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या टीव्हीसमोर आमचा फोरमन, जो सकाळी नमस्कारसुद्धा अर्धाच करायचा, तो ताट हातात धरून रडत होता आणि त्याचं सूप माझ्या बुटावर सांडत होतं. त्या उत्तराला पर्याय नव्हता.

मग चुलतभावाचा फोन. त्याला कुठून कळलं देव जाणे (वहिनींना विचार). "दादा, पासपोर्ट बदललास तर सातबाऱ्यावरचं नाव जातं, आधीच हक्कसोड करून टाक." त्याची काळजी समजली. एका वकिलाकडून खात्री करून घेतली. नाव कुठंही जात नाही. वारशानं आलेली शेतजमीन ओसीआय कार्डवाल्याला (नागरिकत्व सोडलेल्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते कार्ड) ठेवता येते. नवी विकत घेता येत नाही. पण ती तर मला आज, भारतीय पासपोर्ट असतानाही, परदेशी राहतो म्हणून घेता येत नाही. विकायचीच झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. तेही आजच्यासारखंच. म्हणजे शेताच्या बाबतीत फरक शून्य. खरं सांगू? वकिलाचं बोलणं ऐकून मी खट्टू झालो. नाही म्हणायला एक भक्कम कारण मिळालं होतं, तेही गेलं.

मताचं तसंच. कायद्यानं मला आजही आपल्याकडे मत देता येतं. 2010 ची दुरुस्ती, नमुना 6अ भरायचा, पण मतदानाच्या दिवशी पासपोर्ट घेऊन स्वतः गावच्या केंद्रावर हजर व्हायचं. मी कधी गेलो? गावच्या शाळेत शेवटचं मत दिलं ते आपण दोघांनी मिळून, आणि बाहेर येऊन कळलं की तू विरुद्ध बाजूला दिलंयस. त्यानंतर मी ना तिथं मत दिलं, ना इथं. युरोपियन युनियनच्या बाहेरच्या माणसाला इथं गावपातळीवरसुद्धा मत नाही. कर मात्र दर महिन्याला, एका पैशाची सूट नाही.

तू नेहमी विचारतोस की दिवसभर करतोस काय. भटकतो. 58 युरोंत महिनाभर देशातल्या सगळ्या साध्या गाड्या आणि बस (जानेवारीपासून 63 होणार, त्यावरून आमच्या बाकावर रोज वाद). परवा उल्मला गेलो होतो. तिथल्या चर्चचा मनोरा 161.5 मीटर, जगात सगळ्यांत उंच म्हणून मिरवायचे. गेल्या महिन्यात बार्सिलोनाच्या सग्रादा फमिलियानं त्याला मागं टाकलं. चर्चसमोरच्या कॅफेतला म्हातारा मला म्हणाला, "त्यांचं अजून बांधून पुरं कुठं झालंय!" येताना श्टुटगार्ट स्टेशनातल्या पत्र्यांच्या बोगद्यातून अर्धा किलोमीटर तंगडतोड. ते काम 2010 पासून चालू आहे, 2019 ला संपणार होतं, आणि आता डिसेंबर 2026 चाही भरवसा नाही. पुढच्या वेळी आपल्या पुलांवरून मला जर्मन शिस्तीचं उदाहरण देऊ नकोस.

आणि जिना. केअरवोखे हा या प्रांताचा खास प्रकार. आठवड्याची पाळी असते, पाटी दाराच्या मुठीला अडकवलेली दिसली की त्या आठवड्यात जिना तुम्ही पुसायचा. तळमजल्यावरच्या आजी नव्वदीला टेकल्यात, पण अजून कठड्याच्या खालच्या अंगाला बोट फिरवून बघतात. वरच्या अंगाला नाही, खालच्या. पहिल्या पहिल्यांदा माझा जळफळाट व्हायचा. मध्यंतरी वर राहायला आलेल्या स्पॅनिश पोरापोरीनं पाटी अडकवलेली असूनही जिना कोरडाच ठेवला, तर बेल वाजवायला मीच गेलो. मला वाटतं तोंडाचा चंबूही मी आजींसारखाच केला असणार, कारण पोरगी हसली.

या आजीच सगळ्याच्या मुळाशी आहेत. 23 फेब्रुवारीला इथं संसदेची निवडणूक झाली, नेहमीप्रमाणे रविवारी. हिचा पासपोर्ट कधीचा जर्मन (तिनं घेतला तेव्हा तू चकार शब्द काढला नाहीस, वहिनींची मैत्रीण ना!), ती प्राथमिक शाळेतल्या केंद्रात गेली. मी बाहेर व्हरांड्यात तिची पर्स आणि छत्री धरून पोरांनी चिकटवलेले कापसाचे बाहुले बघत उभा. आजी चाकांची गाडी ढकलत आल्या. "आत चला की, इथं गारठा आहे." म्हटलं, मला मत नाही. त्यांना कळेचना. "का? तुम्ही तर माझ्या आधीपासून या इमारतीत राहता." मग समजावलं की माझा पासपोर्ट भारताचा आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चिडून म्हणाल्या, "मग इतकी वर्षं जिना काय म्हणून पुसत होता?" आणि गाडी ढकलत आत गेल्या.

ही बाहेर आली. बोट कोरंच, इथं शाई लावत नाहीत. "काय म्हणाल्या?" म्हणाली. सांगितलं. इतकी हसली की शाळेच्या पायरीवर बसावं लागलं.

रात्री निकाल. 82.5 टक्के मतदान, एकीकरणानंतरचं सगळ्यांत जास्त. त्यात एएफडी, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या विरोधातला कडवा उजवा पक्ष, 20.8 टक्के घेऊन दुसऱ्या नंबरवर. म्हणजे ढोबळमानानं पाचातला एक. सकाळी बेकरीत गेलो तर नेहमीचीच बाई, नेहमीचंच "अजून काही?", आणि मी मात्र रांगेत मनातल्या मनात मोजतोय. एक, दोन, तीन, चार. पाचवा मीच निघालो. पण बंड्या, हसून झाल्यावरही ते डोक्यातून जाईना. घरात राजकारण निघालं की मी म्हणायचो, पाहुण्यानं आमटी खारट म्हणू नये. त्यावर ही म्हणते, "एवढी वर्षं राहिलेल्याला पाहुणा नाही, घरजावई म्हणतात." मार्चमध्ये अर्ज टाकला. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू काहीतरी बोलला असतास आणि मी थांबलो असतो, उगाच तुझ्यावर मात करायला.

आता खरं दुखणं. शेत नाही, मत नाही, विमानतळावरची रांग तर नाहीच नाही. तुला कट्ट्यावरचं ते भांडण आठवतं? भारनियमनाचे दिवस, मी सुट्टीवर आलो होतो आणि वीज मंडळापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना सोलत होतो. तू म्हणालास, "तू गेलास ना? मग तुला बोलायचा हक्क नाही." मी पासपोर्ट काढून कट्ट्यावर आपटला. तुझा चहा त्याच्यावर सांडला. तो डाग अजून आहे, त्या जुन्या पासपोर्टच्या पत्त्याच्या पानावर, आईच्या नावाच्या बरोबर खाली, तपकिरी. तू गप्प बसलास. तुला गप्प बसलेलं पाहण्याचा असा योग पुन्हा क्वचितच आला.

त्यानंतर प्रत्येक भांडणात मी तो आपटत आलोय. फोनवर आपटता येत नाही म्हणून नुसतं म्हणायचो, "पासपोर्ट अजून निळाच आहे." जाड्याच्या मुलीच्या लग्नात म्हटलं. अण्णा गेले तेव्हा, अंत्ययात्रेत पोलिसांनी रस्ता अडवला त्यावरून आपली जुंपली, तेव्हाही म्हटलं. मागचं नूतनीकरण केलं तेव्हा ही म्हणाली, "कशासाठी ठेवतोयस एवढा जपून?" मी शेताचं सांगितलं. शेत नव्हे रे. तो मी तुझ्याशी भांडायला ठेवला होता. हे इथं कुणाला सांगू? थोरली म्हणेल, बाबा, थेरपिस्टकडे जा.

डिसेंबरनंतर तू म्हणशील, "तुझा संबंध काय?" आणि माझ्या खिशातून काढायला काही नसेल. ओसीआय कार्ड असेल, पण ते आपटून बघ, आवाजसुद्धा येत नाही. अर्थात मी बोलायचा थांबणार नाही हे तुला आत्ताच सांगून ठेवतो. पुलाबद्दल बोलेन, खड्ड्यांबद्दल बोलेन, तुझ्या त्या लाडक्या नगरसेवकाबद्दल तर नक्की बोलेन.

मिशीची पैज माझ्या लक्षात आहे. पासपोर्ट बदलला तर मिशी उतरवीन म्हणालो होतो. मिशी हिनं करोनाच्या वर्षी मास्कच्या निमित्तानं उतरवून घेतली, तेव्हा पैज बाद. नियम तूच केले होतेस, त्यात आगाऊ मिशीची तरतूद नव्हती.

मेल्यावरचंही बघून ठेवलंय. आमच्या प्रांतात राख घरी देत नाहीत, कलश दफनभूमीतच जायला हवा, आणि जागा मुदतीची. पंधरा-वीस वर्षांनी मुदत संपते, पैसे भरून वाढवा नाहीतर रिकामी करा. तिथंही भाडेकरूच! कागदपत्रं केली तर कलश भारतात पाठवता येतो. ते काम धाकट्याकडे, पण त्याला घाट कुठला ते माहीत नाही. तुला माहीत आहे.

तुझं काय? वाडा बिल्डरला दिलात की अजून तिघा भावांच्या सह्या जमायच्यात? मोतीबिंदू काढून घे, घाबरतोस काय, भूल नुसत्या थेंबांची असते. धाकटीच्या नोकरीचं ऐकून बरं वाटलं. वहिनींना म्हणावं, लोणच्याचा मसाला पोचला, बरणी अर्धी झाली.

दहा तारखेच्या आत उत्तर टाक. रागावायचं असेल तर लिहून रागाव. फोनवर तुला वाटतं ही ऐकतेय, आणि तू धड शिव्या देत नाहीस.

तुझाच,
चिकू

ता. क. चुलतभाऊ माझ्या नावानं काही सही मागायला आला तर चहा पाज आणि परत पाठव. आणि सातबाऱ्याचा ताजा उतारा तेवढा काढून पाठव. महाभूलेखवर निघतो म्हणे, पण त्याआधी ओळखून भरायची ती वाकडीतिकडी अक्षरं मला काही केल्या ओळखू येत नाहीत.