पाळणाघर कबूल केलं होतं, पुस्तक का दिलं?

मा. मंत्रीमहोदय,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

जिल्ह्याच्या गावातल्या एका मोठ्या कार्यालयात गेल्या महिला दिनाला पाळणाघर कबूल झालं होतं. यंदाच्या महिला दिनाला पाळणाघर आलं नाही. कापडी पिशव्या आल्या आणि प्रत्येक पिशवीत, बाईने स्वतःला कसं बदलावं हे शिकवणारं एक ‘स्वयंसहायता’ पुस्तक. म्हणून हे पत्र.

या पुस्तकांचा साचा ठरलेला असतो. आधी दोष वाचणारीत शोधायचा: तुम्हाला ‘नाही’ म्हणता येत नाही, तुम्ही स्वतःला वेळ देत नाही. मग पहाटे पाचला उठणं, कामांची यादी, आरशासमोर म्हणायची वाक्यं. शेवटी नवऱ्याशी ‘योग्य वेळ पाहून’ बोलणं. ज्या घरात नळाला पाचला पाणी येतं तिथे बाई साडेचारलाच उठलेली असते. यादी केली तरी त्यातलं एकही काम दुसऱ्या कुणाच्या नावावर जात नाही, सगळी तिनेच अधिक भरभर उरकायची. महिनाभराने पुस्तक फडताळात जातं आणि बाई म्हणते, माझ्यातच जिद्द कमी. हे नुकसान भरून कोण देणार?

सरकारचेच आकडे पाहा. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यावरचा वेळ दिवसाला २८९ मिनिटं आहे, पुरुषांचा ८८. त्यातही ही ८८ मिनिटं घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. बहुसंख्य पुरुष या हिशोबात नाहीतच. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आलं. पाच वर्षांत एक मिनिट! हे बाईच्या आत्मविश्वासाने कमी होणार आहे का?

स्वयंसहायता हा शब्द आम्हाला शिकवू नका. बचत गट म्हणजे स्वयंसहायता गटच. १० ते २० जणी, ठरल्या दिवशी बैठक, नियमित बचत, गटातच कर्ज, वेळेवर परतफेड, वह्या चोख. एकीचा हप्ता थकला की बैठकीत कारण निघतं आणि पुष्कळदा ते दारू किंवा मारहाण असतं. मग दोघी-तिघी तिच्यासोबत घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जातात. एकटीने पुस्तक वाचताना जे तिचं वैगुण्य ठरलं असतं, ते इथे सगळ्यांचं दुखणं ठरतं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या बायकांनी स्वतःच्या शरीराविषयी पुस्तिका काढली तीही अशीच एकत्र बसून, डॉक्टरांना प्रश्न विचारता यावेत म्हणून. आणि आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा त्यांनी बाईला स्वभाव सुधारायला सांगितलं नव्हतं. सगळा दोष बाईच्या माथी मारणाऱ्यांना जाब विचारला होता.

१९९४ पासून २०२४ पर्यंत राज्यात चार महिला धोरणं झाली. दर वेळी भाषणात बाई सक्षम होते आणि दुसऱ्या दिवशी तान्हं मूल शेजारणीकडे ठेवून कामावर जाते. कारखाना कायद्यात ३० हून अधिक स्त्री कामगार असतील तरच पाळणाघर लागायचं, म्हणजे बायकांची भरतीच तिथे रोखून धरायला वाट मोकळी. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने वेगळी अट आणली: स्त्री-पुरुष मिळून ५० कर्मचारी असले की पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून ४ वेळा मुलाकडे जाता यायला हवं. मूल बापाचंही असतं, हे निदान मोजणीत तरी आलं. हा नियम कबूल करूनही पाळायचा नाही आणि वर पुस्तक वाटायचं, हा बायकांचा अपमान आहे.

छापायचंच होतं तर एक पान पुरलं असतं: १० कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, लैंगिक छळाची तक्रार ३ महिन्यांच्या आत, चौकशी ९० दिवसांत, आणि समितीतल्या सदस्यांची नावं.

जिल्ह्यात ५० किंवा अधिक कर्मचारी असलेली ठिकाणं किती आणि त्यांतल्या किती ठिकाणी पाळणाघर चालू आहे, ही यादी जाहीर करा. खोली तळमजल्यावर, दूध पाजायला आडोसा, हात धुवायला वाहतं पाणी, सांभाळायला पगारी सेविका, एवढं पाहून मगच ते ‘चालू’ म्हणा. आणि जे कबूल केलं होतं ते पाळणाघर कोणत्या तारखेला उघडणार, ती तारीख लेखी कळवा.

आपली,
बचत गटांची एक प्रशिक्षिका