नळी काढायची तारीख पुढे ढकलू नका

पुणे, गुरुवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

काल रात्री आईचा फोन आला. लघवी आता स्वच्छ होते, गाठीचा रिपोर्टही चांगला आला, मग शस्त्रक्रियेत आत ठेवलेली नळी काढायला मंगळवारी पुन्हा कोल्हापूरची खेप कशाला, असे बाबा म्हणत आहेत, हे तिच्याकडून कळले. फोनवर मी चिडून बोलले, आणि चिडून सांगितलेले बाबांना कधीच पटत नाही हे ठाऊक असूनही बोलले, म्हणून आज सारे नीट लिहून पाठवत आहे. बाबा, तुम्ही चष्मा लावून निवांत वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

आषाढात पहिल्यांदा लघवी लाल झाली तेव्हा तुम्ही खापर फोडलेत ते आदल्या दिवशीच्या बिटाच्या कोशिंबिरीवर. बिटाने काहींची लघवी खरोखरच लालसर होते, त्यामुळे तुमचा तर्क अगदीच टाकाऊ नव्हता. पण पुढचे तीन आठवडे घरात बीट आलेच नाही आणि रंग मात्र दोनदा येऊन गेला. मग उन्हाळी लागली असेल म्हणून आईने धने-जिऱ्याचे पाणी आणि सब्जा सुरू केला. (ऐन पावसात उन्हाळी!) उन्हाळी लागली की जळजळ होते आणि तुम्हाला जळजळ मुळीच नव्हती. न दुखता लघवीतून रक्त जाणे हे उलट अधिक काळजीचे लक्षण असते, आणि ते एकदा दिसून आपोआप थांबले तरी त्याचा छडा लावावाच लागतो. डाव्या कुशीत मधूनच कळ येते, हे तर तुम्ही आईलाही गणपती झाल्यावर सांगितलेत.

सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाला सूज दिसली, पण खडा कुठेच दिसला नाही. तेव्हा सीटी स्कॅन करावा लागला. शिरेतून औषध सोडल्यावर अंगातून गरम लाट गेली, असे तुम्ही म्हणाला होता, तोच तो स्कॅन. ते औषध मूत्रपिंडातून गाळले जाऊन काही मिनिटांनी मूत्रवाहिनीत उतरते आणि तेव्हा पुन्हा चित्रे घेतली की नळीची आतली बाजू उजळून दिसते. मूत्रवाहिनी म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत लघवी वाहून नेणारी नळी. ती पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब, पण आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते. तुमच्या डाव्या नळीत वरच्या भागात औषध न पोचलेली एक लांबट, गुळगुळीत कडांची जागा दिसली. म्हणजे आत काहीतरी वाढलेले होते.

पहिल्या सर्जननी तिथल्या तिथे सांगितले की, मूत्रपिंड, सगळी मूत्रवाहिनी आणि ती जिथे उघडते तिथला मूत्राशयाचा थोडा भाग, असे सगळे एकदम काढावे लागेल. आई त्या रात्री जेवली नाही. त्यांचा सल्ला बिनबुडाचा होता असे मी म्हणणार नाही, कारण मूत्रवाहिनीत आढळणाऱ्या बहुतेक गाठी आतल्या अस्तराच्या कर्करोगाच्याच निघतात, आणि तो आक्रमक प्रकारचा असेल तर हीच शस्त्रक्रिया करतात. साध्या गाठी तिथे फार क्वचित होतात. पूर्वी आत डोकावण्याची सोयच नसल्यामुळे, साध्या गाठीपायीही कित्येकांचे मूत्रपिंड गेले आहे. मला खटकले ते एवढेच की, आज ती सोय असताना आत पाहण्याचा विषयसुद्धा त्यांनी काढला नाही.

दुसऱ्या सर्जननी मात्र स्कॅनची चित्रे पडद्यावर पुढेमागे करून दाखवली. आधीच्या चित्रांत त्या जागेचे खालचे टोक जिथे होते, तिथून नंतरच्या चित्रांत ते किंचित खाली सरकलेले होते. भिंतीत रुजलेला कर्करोग असा सरकत नाही. वर देठाने चिकटलेली आणि खाली मोकळी लोंबणारी वस्तू सरकते. कधी ती नळीत आडवी बसायची आणि कळ यायची, कधी बाजूला व्हायची आणि तुम्हाला बरे वाटायचे. लघवीच्या तीन नमुन्यांत कर्करोगाच्या पेशी सापडल्या नव्हत्या. पण कमी तीव्रतेच्या कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसू शकतात, म्हणून तेवढ्यावर विसंबता येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. दुर्बिणीने आत पाहायचे, तुकडा तपासायचा आणि मगच मूत्रपिंडाचे ठरवायचे, हा त्यांचा क्रम मला पटला.

ही दुर्बीण लघवीच्या वाटेनेच आत जाते, कुठे चिरावे लागत नाही. ह्यू हॅम्प्टन यंग या अमेरिकन सर्जनने १९१२ मध्ये मूत्राशय पाहायची दुर्बीण एका लहान मुलाच्या मूत्रवाहिनीत नेली होती, पण त्या मुलाची नळी आजाराने फुगून रुंद झाली होती म्हणूनच ते जमले. आजच्या दुर्बिणी तीन मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. तुमच्या शस्त्रक्रियेचे चित्रीकरण मला नंतर दाखवले, बाबा. गुलाबी भिंतीला एका जागी चिकटलेली, फिकट, गुळगुळीत, बोटासारखी लांब वस्तू लघवीच्या प्रवाहात डुलत होती. आपल्या शाळेजवळच्या वडाची कोवळी पारंबी वाऱ्यावर हलावी तशी. आधी तिचा छोटा तुकडा घेऊन तपासला आणि त्यात कर्करोग नाही असे कळल्यावर होल्मियम लेसरने तिचा देठ मुळाशी कापला. या लेसरची धग पाण्यातच शोषली जात असल्यामुळे पेशींत ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल जात नाही, म्हणूनच इतक्या नाजूक नळीत तो वापरता येतो. मग ती पारंबी तारेच्या बारीकशा जाळीत धरून अख्खी बाहेर काढली. साडेचार सेंटिमीटर भरली.

अख्ख्या गाठीच्या रिपोर्टला आठ दिवस लागले म्हणून तुम्ही मलाच बोललात, जणू माझ्याच प्रयोगशाळेने उशीर केला! बाबा, मी रोज हेच काम करते. गाठ आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवावी लागते, नंतर तिच्यातले पाणी काढून मेणात बसवावी लागते, आणि त्या मेणाच्या ठोकळ्याचे साधारण चार मायक्रॉन जाडीचे काप घ्यावे लागतात. एका मिलिमीटरमध्ये असे अडीचशे काप बसतात. हा काप कोमट पाण्यावर तरंगत ठेवला की सुरकुत्या जातात, मग तो काचेवर अलगद उचलायचा. माझ्या हातालाही हे जमायला वर्ष गेले. रिपोर्ट डॉक्टरच देतात, तो माझा अधिकार नाही, पण तुमची स्लाइड मी मागून घेऊन पाहिली. मधोमध सैल, गुलाबी तंतू आणि रक्तवाहिन्या, आणि वरून अस्तराचे चार-पाच थर एकावर एक शिस्तीत बसलेले. कर्करोगात हीच शिस्त मोडते. नुसत्या छोट्या तुकड्यावर कधी फसगत होऊ शकते, म्हणून देठासकट अख्खी गाठ तपासून मगच फायब्रोएपिथेलियल पॉलिप असे लिहून दिले आहे. मूत्रवाहिनीतल्या साध्या गाठींपैकी हीच त्यातल्या त्यात नेहमी आढळते. ती शरीरात पसरत नाही आणि मुळापासून काढली की पुन्हा येणेही विरळच. तेव्हा तुमचा आनंद रास्त आहे, आणि पेढे वाटलेत तेही बरे केलेत.

पण जिथे देठ कापला तिथे जखम आहे, आणि ती भरून येताना नळी आक्रसू नये म्हणून आत डीजे स्टेंट ठेवला आहे. ही मऊ, पोकळ नळी आहे. तिची दोन्ही टोके इंग्रजीतल्या ‘जे’ अक्षरासारखी वळलेली असतात, एक मूत्रपिंडात आणि एक मूत्राशयात अडकून राहते. तुम्हाला वरचेवर लघवीला जावे लागते, लघवी करताना कुशीत दुखते, गच्चीपर्यंत चढउतार झाली की रंग गुलाबी होतो, हे सगळे त्या नळीमुळे. ती अंगवळणी पडली म्हणून आत राहू द्यायची वस्तू नव्हे. काही महिने तशीच राहिली तर लघवीतले क्षार तिच्यावर साचून थर बसतो, आणि मग पाच-दहा मिनिटांत निघणारी नळी काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते. मंगळवारी सहा आठवडे पुरे होतात. बधिर करणारी जेली लावून, छोट्या दुर्बिणीने ती ओढून घेतील. अवघडल्यासारखे होईल, पण भूल द्यावी लागणार नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी सोनोग्राफी आहे, तीही टाळायची नाही. कापल्या जागेचा व्रण हळूहळू आवळत गेला तर मूत्रपिंड पुन्हा फुगते, आणि ते सावकाश घडले तर अजिबात दुखत नाही. बाबा, तुम्ही ‘दुखत नाही’ म्हणालात की माझ्या पोटात गोळा येतो, तो यासाठी.

आई, मंगळवारपर्यंत थंडी वाजून ताप आला, लघवीतून रक्ताच्या गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली, तर धने-जिऱ्याचे पाणी करत बसू नकोस, त्याच वेळी दवाखान्यात फोन कर आणि नंतर मला. नंबर फाइलच्या आतल्या पानावर लाल शाईने लिहिला आहे.

मी सोमवारी रात्रीच्या गाडीने निघून पहाटे पोचते. फाइल, स्कॅनची पाकिटे आणि साखरेच्या गोळ्यांची पट्टी निळ्या पिशवीत भरून ठेव. बाबांनी सकाळी काय खायचे ते मी दवाखान्यात विचारून कळवते.

तुमची,
माधवी