निसवण

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, रात्र

प्रिय भो,

इथं कुणाला आपल्या खानदेशातलं ‘भो’ म्हणायची सोय नाही, म्हणून आधी म्हणून घेतलं. तुझे दोन फोन उचलले नाहीत, कारण तू प्राध्यापकीच्या सेट परीक्षेच्या निकालाचं विचारणार. तर ऐक. पहिला पेपर बरा गेला, दुसऱ्यानं घात केला. 100 प्रश्न, 200 मार्क, आणि दोन वर्षं एमए करूनही कोणतं पुस्तक कोणत्या साली आलं ते मला आठवत नाही. कॉलेजात तासिका तत्त्वावरची नोकरी आहे. जूनपासूनचं मानधन अजून निघायचंय.

खोलीचं भाडं सुटतं ते मुद्रितशोधनावर. दुपारी अप्पा बळवंत चौकाजवळ एका प्रकाशकाकडे बसतो आणि 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे लोकांच्या ‘कवि’चा ‘कवी’ करतो.

एक साल मात्र पक्कं पाठ आहे, 1963. ‘कोसला’ ही कादंबरी आली तेव्हा ती लिहिणारे नेमाडे पंचवीस वर्षांचे होते. मला मागच्या महिन्यात पंचवीस पुरी झाली. होस्टेलवर ती वाचून आपल्या एका विंगमध्ये तिच्या नायकासारखे चार-पाच सांगवीकर तयार झाले होते, आठवतं? परवा माझ्या कादंबरीची दीडशे पानं काढली आणि लाल पेन घेऊन बसलो, परक्याचं प्रूफ वाचावं तसा. पानागणिक ‘कोसला’तलेच ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’. तेवढे खोडले तर खाली काही उरेना. हसू नकोस, तुझ्या कवितांतही होते.

खरी गंमत पुढे. आपल्या रावेरकडच्या एका निवृत्त मास्तरांच्या आठवणी तपासायला आल्या. त्यात वाक्य होतं, ‘त्या साली केळी लवकर निसवल्या.’ संपादकांनी शेजारी पेन्सिलीनं विचारलेलं, ‘निसटल्या?’ मी एकटाच मोठ्यानं हसलो, आणि मग समजावून सांगताना माझीच तारांबळ उडाली. खोडातून कमळ बाहेर पडतं ते निसवणं, एवढं सांगितलं. मृगबाग, कांदेबाग हे लागवडीचे हंगाम, बुंध्याशी फुटतं ते पील, हेही सांगितलं. पण आजी बागेत शिरली की याहून किती बोलते! पाच वर्षं साहित्य शिकलो आणि त्यातला एकही शब्द मी कधी कागदावर लिहिला नव्हता.

आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. 1951 साली त्या गेल्या, पुढच्या वर्षी गाणी छापून आली. मुलानं, सोपानदेवांनी, टिपून ठेवली होती म्हणून. परीक्षेत हे विचारलं असतं तर दोन मार्क नक्की होते.

आता काम सांगतो. आजी चौऱ्याऐंशीची आहे आणि मला दिवाळीशिवाय रजा नाही. तू संध्याकाळी बागेवरून येताना तिच्याकडे बस. बागेचं काहीही विचार, रेकॉर्ड कर. फक्त फोन समोर धरू नकोस, तो दिसला की ती रेडिओसारखं बोलते. नंतर मात्र तिला ऐकव, स्वतःचा आवाज ऐकायला तिला फार आवडतं.

तुझाच,
भो

ता. क. दीडशेतली चार पानं ठेवलीत. ती आजीच्या ओसरीवरची आहेत.