तुमची शक्तिमान

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, डोळ्यांत थेंब वेळेवर घालताय ना? इकडे सगळं ठीक. पडवीत गळत होतं, तिथली दोन कौलं बदलली.

मुद्दाम लिहायचं कारण वेगळं. पडवीतल्या टेबलावर गेले तीन महिने तुमची शक्तिमान, सैन्यात चालवायचात त्या ट्रकची छोटी प्रतिकृती, तयार होतेय. एकास पस्तीस मापाची, वीतभर लांब. १९५९ मध्ये जबलपूरला जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर बनायला लागली, तीच. चेसिस, पाटे, हौदा सगळं प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापलं. ताडपत्री टिश्यू पेपरची. फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून कमानींवर टाकली, तर वाळताना तिला खरोखरीचा झोळ पडला.

रंगाने मात्र छळलं. खऱ्या गाडीचा हिरवा एवढ्याशा गाडीवर काळपट दिसतो, थोडा फिकट करून घ्यावा लागतो. भर पावसात फवारला, तर दमट हवेने लॅकरवर पांढुरकी साय धरली. सगळा खरवडून, उघडीप मिळाली त्या दुपारी पुन्हा मारला.

मग धूळ. खळ्यातली माती कुटून तुझ्या आमरसाच्या मलमलीतून गाळली, आई. (नवीन फडकं आणून ठेवलंय.) तरी जाडच. या मापात अर्धा मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर पावणेदोन सेंटीमीटर! शिवाय तांबडी धूळ बसल्यावर गाडी आपल्याकडचे चिरे वाहणारी दिसायला लागली. बाबांची गाडी तर झोजिला ओलांडून द्रास-कारगिलकडे जायची. सगळं धुऊन काढलं. आता चुलीतली राख चाळून, कोरड्या ब्रशने लावलीय. तो करडेपणा बरोबर वाटतो.

बाबा, मागच्या आसावरचा डिफरन्शियलचा गोळा पांढरा रंगवला. गणपतीत लाइट गेली होती तेव्हा तुम्ही सांगितलं होतं, रात्रीच्या कॉन्व्हॉयमध्ये हेडलाइट बंद, पुढच्या गाडीच्या खाली एक बारकासा दिवा, त्याच्या उजेडात तेवढा पांढरा गोळा दिसतो. ‘त्याच्यावर नजर ठेवायची, बास.’ मी सात वर्षांचा होतो, मला तो खेळ वाटला. परवा वालाच्या दाण्याएवढ्या त्या गोळ्यावर ब्रश टेकवला आणि हात थांबला. तेव्हा तुम्ही आत्ताच्या माझ्यापेक्षा लहान होता. एका बाजूला दरी, आणि रात्रभर डोळ्यांसमोर एवढंच. पुढच्या गाडीवर कोण असायचं, झोप कशी आवरायचात, मी कधी विचारलंच नाही.

आता विचारतोय. केबिनचं छत अजून चिकटवलेलं नाही, आत हात जातो. पाण्याचा कॅन कुठे बांधायचात? सीटवर घोंगडी असायची की पोतं? आई म्हणते, आरवलीच्या वेतोबाचा अंगारा तुमच्याबरोबर असायचा. ती पुडी खिशात असायची की आरशाला लटकवलेली? या मापात ती जेमतेम दोन मिलिमीटरची होईल, पण करणार आहे.

डोळ्याला ताण देऊन लिहू नका. ताईला सांगा, ती लिहील. नाहीतर चतुर्थीला आलात की पडवीत बसून सांगा. तोवर छत तसंच ठेवतो.

तुमचा,
बाळू