साखरेचा डबा घरातच राहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत स्टीव्हिया या गोड पानांच्या वनस्पतीवर आलेला लेख वाचला. पॅराग्वेतले ग्वारानी लोक ही पानं पिढ्यानपिढ्या वापरत आले, बेर्तोनी या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1899 मध्ये त्या झाडाची शास्त्रीय नोंद केली, इथपर्यंत सगळं छान. पण शेवटी सल्ला असा की साखरेचा डबा आजच घराबाहेर काढा आणि त्या जागी ही ‘पानांची साखर’ आणा. मधुमेह असलेल्या माणसाच्या घरात हे कोणी शब्दशः पाळलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून हे पत्र.

माझे यजमान इन्सुलिन घेतात. इन्सुलिन टोचून जेवायला उशीर झाला किंवा चालणं जास्त झालं, की त्यांची रक्तातली साखर झपकन उतरते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, बोलण्यात गोंधळ होतो. असंच एकदा झालं तेव्हा मी आतल्या खोलीत होते. घरी आलेल्या भाच्याने प्रसंग ओळखला आणि त्यांच्यापुढे गोड चहा ठेवला. पोराची समज चांगली, पण चहात घातलं होतं ओट्यावरच्या पुडीतलं स्टीव्हिया. चहा गोड लागतोय म्हणून दोघंही निर्धास्त! मी बाहेर आले तोवर ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, तेव्हा हळूहळू माणूस ताळ्यावर आला.

स्टीव्हियाच्या पानात जी गोड द्रव्यं असतात, ती जठरात आणि लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांचं स्टेव्हिऑल करतात, ते यकृतातून जाऊन लघवीवाटे बाहेर पडतं. या सगळ्या प्रवासात रक्ताला कामाचं असं ग्लुकोज मिळत नाही. एरवी मधुमेहात हाच तर त्याचा फायदा. पण रक्तातली साखर दर 100 मिलिलिटरमागे 70 मिलिग्रॅमच्या खाली गेलेली असते तेव्हा हाच गुण उलटा पडतो. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या, गिळू शकणाऱ्या माणसाला साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आकडा वर आला नसेल तर परत तेवढीच द्यायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं. स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या काही गोळ्यांनीही साखर अशी उतरते, तेव्हा ‘आम्ही कुठे इंजेक्शन घेतो’ म्हणून कोणी हे सोडून देऊ नये. (साखरेचं पचन मंदावणारी अकार्बोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखरही लवकर उपयोगी पडत नाही, ग्लुकोजच लागतं.) एवढ्या मोठ्या लेखात याला एक ओळ मिळायला हरकत नव्हती.

आता त्या पुडीकडे वळते. खाद्यपदार्थांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी केल्यामुळे वेष्टनाची मागची बाजू आधी वाचायची खोड मला लागलेली आहे. पुढे हिरवंगार पान आणि ‘वनस्पतीपासून’ अशी मोठी अक्षरं असतात. खरं तर साखरही वनस्पतीचीच, ऊस काय किंवा बीट काय, त्यामुळे या अक्षरांनी फारसं काही कळत नाही. कळतं ते हिशेबाने. शुद्ध केलेलं स्टीव्हिया साखरेच्या 200 ते 300 पट गोड असतं. दोन चमचे म्हणजे साधारण 8 ग्रॅम साखरेचं काम 250 पटीच्या हिशेबाने 32 मिलिग्रॅममध्ये होतं. पुडी असते 1 ग्रॅमची. मग उरलेले 968 मिलिग्रॅम काय आहे? कुठे माल्टोडेक्स्ट्रिन, कुठे डेक्स्ट्रोज, कुठे एरिथ्रिटॉल. 32 मिलिग्रॅम चिमटीत धरता येत नाही, तेव्हा भर घालावीच लागते, त्याला माझा आक्षेप नाही. पण डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच, आणि माल्टोडेक्स्ट्रिनचं पोटात ग्लुकोजच होतं. एका पुडीने फार बिघडत नाही. ‘साखरेऐवजी तेवढंच घाला’ अशा मोठ्या पाकिटातून वाटी भरून घेतली तर मात्र त्याचा हिशेब ठेवावा लागतो. एरिथ्रिटॉलने रक्तातली साखर वाढत नाही, पण जास्त झालं तर पोट बिघडतं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉलची पातळी जास्त होती त्यांच्यात हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त आढळला. त्यावरून एरिथ्रिटॉलच कारण आहे असं सिद्ध होत नाही, शरीर स्वतःही ते थोडं तयार करतं. तरी ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे त्यांना पुडीत काय आहे हे कळायला नको का?

पुडीतली पांढरी भुकटी म्हणजे वाटून ठेवलेलं पानही नव्हे. वाळलेली पानं पाण्यात उतरवून, गाळून, गोड द्रव्यं धरून ठेवणाऱ्या रेझिनवरून नेऊन, अल्कोहोलने धुऊन, स्फटिक करून ती मिळते आणि गोड द्रव्यांची शुद्धता किमान 95 टक्के असावी लागते. या प्रक्रियेला नाकं मुरडायचं कारण नाही. सुरक्षिततेची तपासणी झाली आहे ती याच शुद्ध भुकटीची. रोज शरीराच्या दर किलो वजनामागे 4 मिलिग्रॅम स्टेव्हिऑल ही मर्यादा तिच्यासाठीच आहे आणि चहा-कॉफीपुरतं वापरणारा माणूस तिच्या जवळपासही जात नाही. लेखाने मात्र ‘प्रक्रिया न केलेलं’ असं सरसकट म्हटलं आहे, ते बरोबर नाही.

वजन कमी होण्याचं आश्वासनही लेखात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखर नसलेल्या गोडव्यांवर विसंबू नये, आणि त्या यादीत स्टीव्हियाही आहे. ही शिफारस सशर्त आहे आणि आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, म्हणून आमच्या घरी पुडी येणं मी थांबवलेलं नाही. ह्यांना चहा गोडच लागतो, आणि या वयात मी त्यांची जीभ बदलायला जाणार नाही.

लेखातल्या केकच्या कृतीबद्दल थोडक्यात. साखरेच्या जागी नुसतं स्टीव्हिया घातलं की लोण्यात फेटून हवा धरणारे दाणे जातात, ओलावा धरून ठेवणारं काही उरत नाही, वरचा तपकिरी रंगही नीट येत नाही. वर गोडी वाढवायला आणखी घातलं तर कडवटपणा वाढतो, कारण हीच द्रव्यं जिभेच्या कडू जाणणाऱ्या ग्राहींनाही चाळवतात. कृती लिहिणाऱ्यांनी आधी एकदा करून पाहावी.

माझी विनंती एवढीच आहे. गोडव्याच्या पर्यायांवर पुढे लेख येईल तेव्हा पुडीत मूळ द्रव्य किती मिलिग्रॅम आणि भर कशाची, हे दोन तपशील जरूर छापा. मधुमेहाच्या पानावर ‘साखर उतरली तर साखरच द्या’ अशी ठळक चौकटही द्या. आणि डबा घराबाहेर काढण्याचा सल्ला पुढच्याच अंकात मागे घ्यावा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ