गान्नाचा तास आणि सायकलीचे श्रेय

संपादक महाशय,

इटलीचा सायकलपटू फिलिप्पो गान्ना याच्या कारकिर्दीवरील आपला लेख वाचला. ट्रॅकवर एका तासात एकट्याने ५६.७९२ किलोमीटर कापण्याचा त्याचा विक्रम लेखकाने जवळपास सगळाच सायकलीच्या खात्यावर जमा केला आहे. हा हिशेब तपासणे अवघड नाही. पिनारेल्लो कंपनीच्या त्याच सायकल-मॉडेलवर, स्वित्झर्लंडमधील ग्रेंचेनच्या त्याच ट्रॅकवर १९ ऑगस्ट २०२२ रोजी डॅन बिगम ५५.५४८ किलोमीटर गेला होता. बिगम हा तेव्हा गान्नाच्याच संघातला अभियंता, हवेचा रोध कोळून प्यालेला माणूस. सातच आठवड्यांनी, ८ ऑक्टोबरला, गान्नाने त्यावर १,२४४ मीटर चढवले. ते सायकलीने कुठून आणले?

पुढे ६५ दात्यांचे चेनव्हील, मागे १४ दात्यांचे. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण पावणेदहा मीटर जाते, म्हणजे मिनिटाला सरासरी ९७ फेरे. ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही, त्यामुळे पाय क्षणभरही थांबवता येत नाहीत. इतका जड गिअर उभ्या सायकलीवरून हलवताना ट्रॅकची पहिली फेरी मंद पडतेच. ती तूट लगेच भरून काढायला गेले की पाय भरून येतात आणि शेवटच्या वीस मिनिटांत वेग ढासळतो.

रेषा धरून चालवण्याचेही तसेच. २५० मीटरची फेरी मोजतात ती आतल्या काळ्या रेषेवर. चाक सतत दहा सेंटीमीटर वर राहिले, तर दर फेरीला ६३ सेंटीमीटर जादा कापावे लागतात. २२७ फेऱ्यांत सुमारे १४३ मीटर पाण्यात. हॉल आठ अंश गरम ठेवला तर हवा अडीच-पावणेतीन टक्के विरळ होते आणि तासाला अर्धा किलोमीटर पदरात पडू शकतो. पण अंग तापले की तो फायदाही जातो.

फ्रांचेस्को मोझरच्या १९८४ मधल्या ५१.१५१ किलोमीटरशी केलेली थेट तुलनाही पटली नाही. मोझर धावला मेक्सिको सिटीत, सुमारे २,२४० मीटर उंचीवर, जिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक पंचमांश विरळ असते. तोच मोझर १९८६ मध्ये मिलानला सुमारे ४९.८ वर थांबला. (दोन्ही ट्रॅक उघडे, तेव्हा वाऱ्याचा वाटा वेगळा.) ग्रेंचेन जेमतेम साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तुलना करायचीच तर क्रिस बोर्डमनच्या १९९६ मधील ५६.३७५ शी करावी. हात पुढे ताणून बसण्याची त्याची ती पद्धत नंतर नियमाने बंद झाली.

‘जिरो जिंकला नाही’ (जिरो म्हणजे इटलीची तीन आठवड्यांची शर्यत) हा लेखातला आक्षेप तर गैरलागू. एक मीटर त्र्याण्णव उंची आणि ऐंशी किलोंवर वजन घेऊन तीन आठवडे आल्प्स चढणे हे त्याचे काम नव्हे. तरी २०२० च्या जिरोत चार टप्पे त्याचे होते. त्यातले तीन टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचे, पण चौथा कामिल्यातेल्लो सिलानोचा डोंगराळ टप्पा, ब्रेकअवेमधून, म्हणजे मुख्य घोळक्याच्या पुढे निसटलेल्या गटातून, जिंकलेला. मिलान-सान रेमो या एकदिवसीय शर्यतीत तो २०२३ आणि २०२५ मध्ये दुसरा आला. तिथला शेवटचा, पोज्जोचा चढ चार किलोमीटरच्या आत संपतो, म्हणून वजनदार माणूसही टिकतो.

एक दुरुस्ती छापावी. टोकियो ऑलिंपिकमधील ३ मिनिटे ४२.०३२ सेकंद ही वेळ गान्नाची एकट्याची नाही, चौघांच्या इटालियन संघाची आहे. त्याची एकट्याची चार किलोमीटरची ३ मिनिटे ५९.६३६ सेकंद ही वेळ १४ ऑक्टोबर २०२२ ची, ग्रेंचेननंतर सहाव्या दिवशीची, आणि तोही तेव्हाचा विश्वविक्रम होता.

— एक वाचक, सांगली