मा. कृषिमंत्र्यांना खुले पत्र : मुदत शिल्लक, जिवाणू संपलेले

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

खरीप आढावा बैठकीत दरवर्षी युरिया आणि डीएपीचा हिशेब मांडला जातो. खताची रेल्वेगाडी (रॅक) कधी लागणार, दुकानदार खतासोबत नको असलेला माल गळ्यात मारतात का (लिंकिंग), यावर तास जातात. रायझोबियम कल्चरच्या, म्हणजे डाळवर्गीय पिकांना हवेतले नत्र मिळवून देणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या, 250 ग्रॅमच्या पाकिटाबद्दल मात्र कोणी विचारत नाही. एवढेसे पाकीट पेरणीआधी 10 किलो बियाण्याला चोळायला पुरते.

हवेत 78 टक्के नत्र (नायट्रोजन) आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. कारखान्यात त्याचा अमोनिया करायला 400 अंशांच्या वर तापमान, प्रचंड दाब आणि नैसर्गिक वायू लागतो. तुरीच्या मुळावरची लहानशी गाठ हेच काम शेतातल्या मातीत करते. मूळ काही द्रव्ये सोडते, ती ओळखून जिवाणू आपला रासायनिक निरोप धाडतात, केसमूळ वाकते, जिवाणू आत शिरतात आणि गाठ धरते. पुढे झाड त्यांना साखर देते, ते झाडाला नत्र.

साहेब, फुलोऱ्यातल्या सोयाबीनचे एक झाड खुरप्याने मातीसकट काढून पाहा. उपटू नका, गाठी तुटतात. मुळे बादलीत धुऊन एक गाठ नखाने फोडा. आत लालसर गुलाबी निघाली तर ती कामाची. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. नत्र बांधणारे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होते, म्हणून हे द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवते आणि जिवाणूंना गरजेपुरताच पुरवते. गाठ पांढरट किंवा हिरवट निघाली, तर झाड तिला फुकट पोसते आहे. आमच्या भागात अशा गाठी फार दिसतात.

याचे एक कारण दुकानात सापडते. कल्चर जिवंत असते. पाकिटावर ‘थंड जागी ठेवा’ असे छापलेले असते आणि मे महिन्यात ते पत्र्याखाली, 40 अंशांच्या वर, औषधांच्या खोक्यांशेजारी पडलेले असते. छापील मुदत शिल्लक असते, आतले जिवाणू संपलेले असतात. शेतकरी बिचारा सांगितले तसे करतो: बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी कल्चर, सावलीत सुकवून लगेच पेरणी. पीक पिवळे पडले की युरिया फेकतो, आणि आयते नत्र मिळाले की झाड गाठी धरणेच कमी करते.

दुसरी गोष्ट जोडीची. सोयाबीनचा जिवाणू वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. तूर, मूग, उडीद, भुईमूग यांचा गट आणखी वेगळा. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेणाऱ्याला दोन पाकिटे हवीत. काउंटरवर मात्र ‘रायझोबियम द्या’ म्हटले की हाताला लागेल ते मिळते.

कायदा नाही असे नाही. 2006 पासून जैविक खते खत नियंत्रण आदेशात आहेत: भुकटी कल्चरच्या 1 ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी, द्रवरूपाच्या 1 मिलिलिटरमध्ये 10 कोटी. ब्राझीलमध्ये हीच अट 100 कोटींची आहे. तिथे सोयाबीनला नत्रखत जवळजवळ देतच नाहीत, बियाण्याला ब्रॅडीरायझोबियम, म्हणजे सोयाबीनचा जिवाणू, लावतात. या कामासाठी तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मारिआंजेला हुंग्रिया यांना 2025 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आमची मागणी मोठी नाही. कल्चर विकणाऱ्या प्रत्येक कृषी सेवा केंद्राला परवान्याच्या अटीतच शीतपेटी सक्तीची करा. पाकिटावर पिकाचे नाव ठळक मराठीत छापायला लावा. युरियाचे नमुने काढता तसे कल्चरचेही काढा, तेही कारखान्याच्या दारात न काढता दुकानाच्या फळीवरून, आणि जिवंत पेशींचा आकडा तालुक्याला जाहीर करा. हे नमुने मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच निघावेत. पेशी मोजायला प्रयोगशाळेला दिवस लागतात, आणि अहवाल जूनच्या शेवटी आला तर आमच्या पेरण्या उरकलेल्या असतात.

आपला,
एक सोयाबीन-तूर उत्पादक, लातूर जिल्हा